प्राणिसृष्टीचा पहिला आराखडा

डिचोली तालुक्यातील कारापूर हे गाव वाळवंटी नदीच्या काठी वसले आहे. विठ्ठलापूरच्या विठ्ठलमंदिरामुळे आणि तेथे भरणाऱ्या चैत्री यात्रेमुळे त्याचे नाव गोव्याबाहेरच्या भाविकांनाही ठाऊक आहे. सह्याद्रीवरून उतरणारी ही नदी पावसाळ्यात गढूळ होऊन दुथडी वाहते. उन्हाळ्यात पाणी उतरते आणि एरवी न दिसणारे दगड दिसू लागतात. अशा दगडांना किंवा पाण्यात रुतलेल्या ओंडक्यांना काय चिकटले आहे, हे निरखून पाहण्याची सवय फारशी कोणाला नसते. हिरवे दिसले तर ते शेवाळ आणि राखी दिसले तर तो गाळ, असे समजून माणूस पुढे जातो. परंतु कोकणातील आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गोड्या पाण्यात आढळणारा असा एखादा थर शेवाळही नसतो आणि गाळही नसतो. तो जिवंत प्राणी असतो. त्याचे नाव स्पंज. प्राणिवर्गातील त्याचे स्थान निश्चित व्हावयास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, आणि त्या दीर्घ वादातील एक महत्त्वाचे प्रकरण ह्याच पश्चिम किनाऱ्यावर, मुंबई बेटावरील तलावांच्या काठी लिहिले गेले.

स्पंज म्हटले की सामान्यतः अंग घासण्याची किंवा पाटी पुसण्याची मऊ वस्तू डोळ्यांपुढे येते. आज बाजारात मिळणारे बहुतेक स्पंज कारखान्यात तयार होतात. पण मूळ वस्तू समुद्रातली. भूमध्य समुद्रातील काही जातींचे स्पंज काढून, त्यांतील जिवंत अंश कुजवून, धुऊन टाकला म्हणजे मागे जो लवचिक तंतूंचा सांगाडा उरतो, तो पूर्वापार स्नानासाठी वापरला जात असे. आपल्याकडील जून घोसाळे वाळवून, साल आणि बिया काढून जी जाळी मिळते, तिचा उपयोगही तोच. दोन्ही वस्तू हातात धरल्या तर त्यांत फारसा फरक जाणवत नाही. एक वेलीच्या फळाचा सांगाडा आहे आणि दुसरा प्राण्याच्या शरीराचा, हे नुसत्या स्पर्शाने कोणालाही सांगता येणार नाही. मग प्राचीन काळच्या निरीक्षकांचा गोंधळ उडाला असल्यास त्यात नवल ते काय?

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ह्याने स्पंजांचे वर्णन केले आहे. स्पंज उपटू गेले असता तो अंग चोरतो, त्या अर्थी त्याला काही संवेदना असावी, असे पाणबुडे सांगत. ती गोष्ट त्याने नमूद करून ठेवली. तथापि जागचा न हलणारा, तोंड नसलेला, डोळे नसलेला हा पदार्थ पूर्णपणे प्राणी म्हणावा असे पुढील कित्येक शतके कोणाला वाटले नाही. सजीवांचे पद्धतशीर वर्गीकरण करणाऱ्या लिनेयसनेही अठराव्या शतकात स्पंजांना प्रथम वनस्पतींत बसविले आणि मागाहून त्यांची रवानगी प्राणी व वनस्पती ह्यांच्या सीमेवरील वर्गात केली. १७६५ मध्ये जॉन एलिस ह्या इंग्रज निरीक्षकाने स्पंजाच्या छिद्रांतून पाण्याची ये-जा होते असे दाखवून तो प्राणी असल्याचे प्रतिपादन केले; पण वाद मिटला नाही.

तो मिटविण्याच्या कामी सर्वांत अधिक वाटा रॉबर्ट ग्रँट ह्या स्कॉटिश वैद्याचा आहे. तरुण चार्ल्स डार्विन एडिंबरो येथे शिकत असता ज्याच्याबरोबर समुद्रकिनाऱ्यावर हिंडत असे, तोच हा ग्रँट. १८२५ च्या सुमारास त्याने एक जिवंत स्पंज पाण्याच्या काचपात्रात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पृष्ठभागाकडे पाहत राहिला. त्याला दिसले ते असे: शरीरभर पसरलेल्या असंख्य बारीक छिद्रांतून पाणी आत शिरते आणि वरच्या मोजक्या मोठ्या मुखांतून जोराने बाहेर फेकले जाते, हा प्रवाह थांबत नाही. स्पंज स्वतः हलत नव्हता, पण त्याने पाण्याला हलविले होते. स्पंजापासून निघणारे, केसाळ अंगाने पोहत जाणारे सूक्ष्म डिंभही ग्रँटने पाहिले. म्हणजे मोठेपणी खडकाला खिळून राहणारा हा जीव बालपणी हिंडतो. पुढे १८३६ मध्ये ह्या वर्गाला त्याने दिलेले ‘पोरिफेरा’ म्हणजे छिद्रे धारण करणारे हे नाव आजही प्रचलित आहे. मराठी पाठ्यपुस्तके त्याला रंध्रीय प्राणिसंघ म्हणतात.

हा उलगडा होण्यास एवढा काळ का लागला, हे समजण्यासाठी प्राणिशरीराच्या आराखड्याचा थोडा विचार केला पाहिजे. घर बांधण्यापूर्वी जसा नकाशा असतो, तसा प्रत्येक प्राणिसंघाच्या शरीराचाही एक ठरावीक आराखडा असतो, आणि तो ओळखण्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ काही साधे प्रश्न विचारतात. शरीराचे सारखे भाग पाडता येतात काय? शरीर किती पेशीस्तरांपासून घडते? आत पोकळी आहे काय? अन्न आत घेण्याचे आणि मळ बाहेर टाकण्याचे मार्ग निराळे आहेत काय? मासा, कुर्ली, गांडूळ किंवा माणूस ह्यांच्या शरीराचे डावा आणि उजवा असे दोन सारखे भाग कल्पिता येतात. ह्याला द्विपार्श्व सममिती म्हणतात. ह्या सर्वांचे शरीर गर्भावस्थेत तीन स्तरांपासून तयार होते आणि त्यांना एका टोकाला मुख तर दुसऱ्या टोकाला गुदद्वार असते. जेलीफिशचे शरीर छत्रीसारखे असून मध्यातून जाणाऱ्या अनेक रेषांवर त्याचे सारखे भाग पडतात. त्याला दोनच पेशीस्तर असतात, आणि मुख हेच त्याचे प्रवेशद्वार व तेच निर्गमद्वार.

स्पंजाला हे प्रश्न विचारले म्हणजे बहुतेकांना नकारच मिळतो. त्याचे शरीर बहुधा कोणत्याच रेषेवर सारखे विभागत नाही. त्याला मुख नाही, आतडे नाही, मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. खऱ्या अर्थाने अवयवच नाहीत. जेथे बसेल त्या दगडाचा किंवा काठीचा आकार तो घेतो. पाहणारे स्वतःच्या शरीराचा नकाशा हातात धरून स्पंजाकडे जात होते, आणि त्या नकाशातील एकही खूण जुळत नसल्यामुळे त्याला प्राणी म्हणावयास कचरत होते. ग्रँटने आकार बाजूला ठेवला आणि हा जीव करतो काय, हे पाहिले. तो पाणी खेचतो, गाळतो आणि बाहेर टाकतो. एवढ्या एका कार्याभोवती त्याचे सबंध शरीर बांधलेले आहे. तोच त्याचा आराखडा होय.

ग्रँटचे निरीक्षण समुद्रातील स्पंजांचे होते. गोड्या पाण्यातील स्पंज युरोपात माहीत होते, परंतु उष्ण कटिबंधातील त्यांच्या नातलगांविषयी फारच थोडे ज्ञात होते. ती उणीव भरून काढणारा हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील शल्यचिकित्सक होता. १८१३ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील समुद्रकाठच्या बडली सॉल्टर्टन गावी त्याचा जन्म झाला. १८४२ मध्ये तो मुंबईस आला. मध्यंतरी अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘पॅलिन्यूरस’ जहाजावर त्याने वैद्य म्हणून काम केले. भूगर्भशास्त्र, जीवाश्म, सूक्ष्मजीव अशा अनेक विषयांत त्याची गती होती आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीसपदही त्याने सांभाळले. मोठ्या प्रयोगशाळेचे साहाय्य त्याला नव्हते. सरकारी चाकरी सांभाळून उरलेला वेळ, एक सूक्ष्मदर्शक, काही काचेच्या वाट्या आणि मुंबईचे तलाव एवढे त्याचे भांडवल.

त्या काळी मुंबईत नळाचे पाणी नव्हते. विहार तलावाचे पाणी शहरात येऊ लागले ते १८६० मध्ये. तोपर्यंत बेटावरील लोकवस्ती विहिरींवर आणि तलावांवर अवलंबून होती. लोक जेथे पाणी भरीत, कपडे धूत आणि गुरे पाजीत, त्याच पाण्यात कार्टरने स्पंज शोधले. १८४९ मध्ये त्याने मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातील स्पंजांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात पाच प्रकार होते. राखेच्या रंगाचा म्हणून एकाला त्याने ‘सिनेरिया’ म्हटले, पांढऱ्याला ‘अल्बा’, आणि ज्याच्या सांगाड्याचे तंतू पिसासारखे दिसतात त्याला ‘प्लूमोसा’. चौथ्याला मेयेन ह्या शास्त्रज्ञाचे नाव दिले. पाचवा प्रकार युरोपातील एका जुन्या जातीचाच असावा असे त्याला वाटले. पण त्या नावापुढे त्याने प्रश्नचिन्ह घातले. ते प्रश्नचिन्ह योग्य ठरले. १८६३ मध्ये बॉवरबँक ह्या इंग्रज स्पंजतज्ज्ञाने ती जात निराळी असल्याचे दाखवून तिला कार्टरचेच नाव दिले. ती ‘कार्टेरी’ जात भारतात सर्वत्र आढळणाऱ्या गोड्या पाण्यातील स्पंजांपैकी एक आहे.

नावे देणे हा कार्टरच्या कामाचा अर्धाच भाग होता. स्पंजाचे शरीर आतून कसे चालते, ह्याची त्याला जिज्ञासा होती. वाढत्या स्पंजाच्या पाण्यात किरमिजी रंगाचे बारीक कण सोडून ते कोठे जातात हे तो पाही. कण बाहेरच्या छिद्रांतून आत जात, आतल्या नलिकांतून वाहत सूक्ष्म गोल कोठड्यांपाशी पोहोचत आणि तेथे अडकत. ह्या कोठड्यांच्या भिंतींत बसलेल्या पेशींना चाबकासारखा एकेक लांब केस असतो. असंख्य केस एकसारखे हलत राहतात, आणि त्यांच्या एकत्रित हालचालीने तो प्रवाह निर्माण होतो. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कार्टरने ह्या कोठड्यांचे वर्णन केले. अन्न पकडणे आणि पचविणे हे काम स्पंजात एखादे पोट करीत नाही. ते एकेक पेशी आपापल्या ठिकाणी करते.

सर्वांत साधा स्पंज म्हणजे एक पोकळ नळी. तिच्या आतल्या अंगाला अशा पेशींचे अस्तर. काही स्पंजांत भिंतीला घड्या पडून अस्तराचा विस्तार वाढतो. तिसऱ्या प्रकारात घड्यांवर घड्या पडून हजारो, लाखो कोठड्या तयार होतात; स्नानाचा स्पंज आणि कार्टरच्या तलावातील स्पंज ह्याच प्रकारचे. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतून एक उदाहरण नेहमी दिले जाते: सुमारे दहा सेंटिमीटर उंचीच्या व एक सेंटिमीटर जाडीच्या एका सागरी स्पंजात अशा बावीस लाखांहून अधिक कोठड्या असतात आणि तो दिवसाकाठी सुमारे साडेबावीस लिटर पाणी गाळतो. बोटाएवढ्या प्राण्याने एका दिवसात दोन घागरी पाणी गाळावे, हे कार्य लहान नव्हे.

मुंबईच्या तलावांनी कार्टरला आणखी एक गोष्ट शिकविली. पाऊस पडला की तलाव भरत आणि काठचे दगड पाण्याखाली जात; उन्हाळ्यात पाणी ओसरले की दगड उघडे पडत आणि त्यांवरचे स्पंज उन्हात वाळून मरत. तरीही पुढच्या वर्षी स्पंज त्याच जागी पुन्हा वाढे. ह्याचे रहस्य त्याच्या शरीरात तयार होणाऱ्या खसखशीसारख्या बारीक गुटिकांत असते. कार्टर त्यांना बीजासारखे पिंड म्हणे. प्रत्येक गुटिकेला चिवट कवच असते, कवचात सिलिकेच्या सूक्ष्म शुकिका रचलेल्या असतात, आणि आत पोषणद्रव्याने भरलेल्या पेशींचा गोळा असतो. मूळ शरीर कुजून गेले तरी गुटिका कोरडेपणा सोसून टिकून राहतात. पाणी मिळाले म्हणजे कवचाच्या लहानशा भोकातून पेशी बाहेर ओघळतात, पसरतात आणि नवा स्पंज आकारास येतो. कार्टरने हे काचेच्या वाटीत घडताना पाहिले. चार महिने महापूर आणि पुढे कोरड, अशा कोकणच्या ऋतुचक्रात शेतकऱ्याने बियाणे जपून ठेवावे तशी ही तरतूद आहे. ह्या गुटिका आणि त्यांवरील शुकिकांची घडण हीच गोड्या पाण्यातील स्पंजांच्या जाती ओळखण्याची मुख्य खूण होय.

१८५९ मध्ये कार्टरला लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. सेवानिवृत्त होऊन तो मायदेशी परतला आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत जगभरातून आलेल्या स्पंजांचा अभ्यास करीत राहिला. भारतात त्याचा धागा पुढे नेला तो नेल्सन ॲनन्डेल ह्याने. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा हा अधिकारी पुढे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक झाला. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात भारतातील गोड्या पाण्यातील स्पंज प्रथमच एकत्र पाहावयास मिळाले, आणि त्यात कार्टरच्या मुंबईच्या जातींना मानाचे स्थान आहे.

ह्याच सुमारास एका मराठी माणसाच्या हातून स्पंजानंतरच्या आराखड्याविषयी एक लक्षणीय शोध लागला. गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या मालवण येथे १८८४ मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत होते. १९११ मध्ये त्यांना सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या पाण्यात जेलीफिश आढळले. जेलीफिश हा समुद्राचा रहिवासी. गोड्या पाण्यातील ह्या प्रकारचे जेलीफिश तोपर्यंत केवळ आफ्रिकेतून माहीत होते. ॲनन्डेलने त्या जातीला भारताचे नाव जोडून तिचे वर्णन केले. आघारकर पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळले, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. तेथील संशोधनसंस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. अशा रीतीने स्तर नसलेला स्पंज आणि दोन स्तरांचा जेलीफिश, प्राणिसृष्टीचे हे दोन प्राचीन आराखडे सह्याद्रीच्या परिसरातील गोड्या पाण्यात अभ्यासकांच्या हाती आले.

विसाव्या शतकात स्पंजाचे महत्त्व कमी न होता वाढले. अमेरिकन शास्त्रज्ञ हेन्री जेम्स-क्लार्क ह्याने १८६० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते की, स्पंजाच्या कोठड्यांतील पेशींना केसाभोवती एक नाजूक गळपट्टी असते, आणि पाण्यात स्वतंत्रपणे राहणाऱ्या काही एकपेशीय सजीवांची ठेवण हुबेहूब तशीच असते. एकेकट्या पेशींपासून अनेक पेशींचे शरीर कसे झाले असेल, ह्याचा जणू दुवाच त्यात सापडला. १९०७ मध्ये विल्सन ह्या दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या सरपटत एकत्र आल्या आणि त्यांपासून पुन्हा स्पंज घडला. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजाची संपूर्ण जनुकीय रचना प्रसिद्ध झाली. मज्जातंतू आणि स्नायू नसलेल्या ह्या प्राण्यात, इतर प्राण्यांत ते अवयव घडविणाऱ्या जनुकांपैकी कित्येक जनुके आधीच उपस्थित असल्याचे दिसून आले. प्राणिवृक्षाची अगदी पहिली फांदी स्पंजांची की कंगव्यासारख्या पट्ट्यांनी पोहणाऱ्या टिनोफोरांची, हा वाद अद्याप चालू आहे. २०२३ मध्ये गुणसूत्रांच्या मांडणीवरून टिनोफोरांच्या बाजूने पुरावा पुढे आला. निकाल काहीही लागो. ज्याला प्राणी म्हणावे की नाही असा संशय होता, तोच आता प्राणित्वाच्या व्याख्येच्या मुळाशी येऊन बसला आहे.

सांप्रत जगात स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी गोड्या पाण्यातील सुमारे अडीचशे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि तेथील रसायनशास्त्रज्ञांनी सागरी स्पंजांतील औषधी द्रव्यांचा अभ्यास केला आहे. गोड्या पाण्यातील स्पंजांकडे त्या मानाने लक्ष कमी. तरीही २०१३ मध्ये पुण्यातील अभ्यासकांनी पुणे परिसरातील पाच जातींवर टिपण प्रसिद्ध केले, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु ज्या तलावांनी कार्टरला त्याचे स्पंज दिले, त्यांचे काय झाले? हिवताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध झाल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईचे अनेक तलाव बुजविण्यात आले. धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी ही नावे उरली. पाणी उरले नाही. शहराच्या आरोग्यासाठी ते करणे भाग होते असे म्हणता येईल. पण त्यापूर्वी कार्टरने नोंद केली नसती, तर त्या पाण्यात काय जगत होते हे जाणण्याचा मार्ग आज राहिला नसता. डिचोली तालुक्यातही पाण्याचे रूप पालटले आहे. गेल्या शतकाच्या मध्यापासून तेथील टेकड्यांतून लोहखनिज मोठ्या प्रमाणावर काढले गेले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये ते काम थांबले, परंतु उघड्या टेकड्यांवरून पावसाबरोबर उतरणारा तांबडा गाळ ओढ्यांना आणि शेतांना नवीन नाही. पाणी गाळून जगणाऱ्या प्राण्याला सर्वांत घातक काय असेल, तर हाच बारीक गाळ. तो सूक्ष्म छिद्रे आणि नलिका बंद करतो, आणि ज्याला पळून जाता येत नाही त्याला श्वास व अन्न दोन्ही पारखे होतात.

कारापूर, पेडणे किंवा डिचोली येथील शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ह्या कामी महागडी साधने लागत नाहीत. उन्हाळ्यात गावचे तळे उतरले म्हणजे उघड्या पडलेल्या दगडांवर आणि काठ्यांवर ठिसूळ, जाळीदार, उग्र वासाचा थर आढळतो काय, त्यात खसखशीसारखे दाणे आहेत काय, हे पाहून तारीख आणि ठिकाण लिहून ठेवणे कोणालाही शक्य आहे. पुढचे काम सूक्ष्मदर्शक करील. कार्टरच्या हाती ह्याहून फार अधिक काही नव्हते. पाणी स्वच्छ आहे आणि तळे अजून तळे आहे, तोवरच ही नोंद होऊ शकते.